ठोकलेला नंबर, ओतलेला नंबर: जुन्या इंजिनाचं मूळ कसं ओळखायचं

मागच्या अंकात कोकणात अजून चालत्या असलेल्या जुन्या जीप आणि मोटारींवर लिहिलं होतं, त्यावर जी पत्रं आली त्यात बहुतेकांनी एकच विचारलंय, की गाडीत बसलेलं इंजिन गाडीचंच आहे का, आणि नसेल तर आलं कुठून. म्हणून या वेळचं सगळं सदर त्यालाच देतोय.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या म्हणजे पुढची उत्तरं सोपी जातील. इंजिनावर दोन जातीचे आकडे असतात. एक उठावाचे, ब्लॉक म्हणजे इंजिनाचं बिडाचं धड ओतताना साच्यातूनच आलेले, बोट फिरवलं की हाताला वर लागतात. दुसरे खोल, इंजिन तयार झाल्यावर पंचने ठोकलेले. उठावाचा नंबर म्हणजे आडनाव, त्या नमुन्याच्या हजारो ब्लॉकना तोच, आणि ठोकलेला नंबर त्या एकाच इंजिनाचा. नुसता एक वाचून निकाल देऊ नका, दोन्ही वाचा आणि एकमेकांशी पटतात का बघा. तिसरी असते रिव्हेट मारलेली पट्टी, तिच्यावर सगळ्यात कमी भरवसा, कारण दोन रिव्हेट उडवले की ती कुणीही दुसऱ्या इंजिनावर लावू शकतो.

प्रश्न: आजोबांनी घेतलेली जीप आमच्या मांगरात उभी आहे, घरातले सगळे म्हणतात लढाईतली गाडी. बॉनेट बुटकं आहे पण मधे कापून वर पत्र्याचा उंचवटा वेल्डिंग केलेला आहे. इंजिनावर वॉटर पंपाच्या मागे ४जे, मग आकडे आणि शेवटी ए अक्षर. इंजिन खयचा ता माका काय कळणा नाय, जरा सांगशात काय? (एक वाचक, कुडाळ)

उत्तर: दादा, गाडी लढाईतली असेलही, पण आत्ता तिच्यात जे इंजिन आहे ते लढाईतलं नाही, एवढं तुमच्या पत्रावरूनच सांगता येतं.

दुसऱ्या महायुद्धात ही जीप मुख्यतः दोघांनी बनवली, विलीजने एमबी आणि फोर्डने जीपीडब्ल्यू, विलीजच्या साडेतीन लाखांवर आणि फोर्डच्या पावणेतीन लाखांच्या आसपास. इंजिन दोघांचं एकाच डिझाईनचं, गो डेव्हिल, १३४ क्युबिक इंच म्हणजे २१९९ सीसी, ६० हॉर्सपॉवर. विलीजच्या इंजिनावर नंबराच्या आधी एमबी ठोकलेलं असतं, फोर्डच्या इंजिनावर जीपीडब्ल्यू, आणि फोर्डच्या ब्लॉकवर उठावात जीपीडब्ल्यू ६०१५ असंही सापडतं, कारण फोर्डच्या पार्ट नंबरांत ६०१५ म्हणजे सिलिंडर ब्लॉक. लढाई संपल्यावर विलीजची नागरी जीप सीजे २ए आली तिचं अक्षर जे, सीजे ३ए चं ३जे, लष्कराच्या एम३८ चं एमसी आणि एम३८ए१ चं एमडी. तुमचं ४जे हे सीजे ३बी च्या घराण्यातलं, म्हणजे हरिकेन इंजिन, आणि सीजे ३बी बाजारात आली १९५३ मध्ये.

आता बॉनेटकडे या, कारण तुमच्या गाडीची खरी गोष्ट तिथे आहे. गो डेव्हिलमध्ये दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच बसतात, हेड म्हणजे नुसतं सपाट झाकण, त्यामुळे इंजिन बुटकं. हरिकेनमध्ये इनटेक व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेला, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिला, हेडवर रॉकर कव्हर आलं आणि कार्बोरेटर हेडच्या वर चढला. इंजिन उंच झालं म्हणून सीजे ३बी चं बॉनेट उंच. बुटक्या बॉनेटच्या गाडीत हे इंजिन बसवलं की बॉनेट लागत नाही, मग कुणीतरी ते कापून वर उंचवटा जोडलाय. महिंद्रांनी सीजे ३बी आपल्याकडे वर्षानुवर्षं बनवली त्यामुळे इंजिन आणि पार्ट सहज मिळायचे आणि जुनं इंजिन बंद पडलं की लोक हेच टाकायचे, त्यात आजोबांचं काही चुकलं नाही. बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक (पिस्टन वर-खाली जातो ते अंतर) मात्र दोन्ही इंजिनांचा एकच, ७९.४ बाय १११.१ मिलिमीटर, म्हणून फिटर मोजमाप घेऊन सांगतो म्हणाला तर तेवढ्याने भागणार नाही, हेड बघूनच ओळखायचं.

शेवटच्या ए चा अर्थ असा की कारखान्यातूनच क्रँकची मेन आणि कनेक्टिंग रॉडची बेअरिंगं इंचाच्या दहा हजारांशांनी, म्हणजे ०.०१० इंच अंडरसाईज (नेहमीपेक्षा लहान मापाची) बसवली होती. बी असतं तर पिस्टन तेवढेच ओव्हरसाईज (मोठ्या मापाचे), एबी असतं तर दोन्ही. तेव्हा बेअरिंग स्टँडर्ड समजून मागवू नका, आधी क्रँक मोजून घ्या, मधल्या काळात तो परत ग्राईंड झालेला असू शकतो.

गाडी लढाईतली आहे का ते इंजिन सांगणार नाही, चेसिस सांगेल. पुढच्या बंपरच्या मागे, रेडिएटरच्या खाली जो आडवा क्रॉस मेंबर आहे तो वाकून बघा. गोल पाईप असेल तर विलीज, उलट्या पन्हाळीसारखा चौकोनी असेल तर फोर्ड. विलीजचा चेसिस नंबर डाव्या चेसिसच्या आतल्या बाजूला पट्टीवर असतो आणि फोर्डचा डाव्या चेसिसच्या वरच्या अंगावर ठोकलेला, तिथे चिखलमातीचा थर असतो तो काढावा लागेल. आणि एक, फोर्डने इंजिन आणि चेसिसला कारखान्यात एकच नंबर दिला होता पण विलीजने तसं केलं नव्हतं, त्यामुळे विलीज एमबी चे दोन नंबर वेगळे दिसले म्हणून इंजिन बदललंय असं म्हणता येत नाही. हे न कळल्यामुळे चांगल्या चांगल्या गाड्यांना लोक नावं ठेवतात, वाईट वाटतं.

प्रश्न: नंबराच्या जागी एवढा गंज आहे की काही दिसतच नाही. गॅरेजवाला म्हणतो ग्राईंडर फिरवतो, दोन मिनिटांत चकाचक. फिरवू द्यावा का? (एक वाचक, देवगड)

उत्तर: नाही, अजिबात नाही! ग्राईंडर नको, ड्रिलला लावायचा तारेचा ब्रश नको, पॉलिश पेपरही नको. ठोकलेला नंबर फार खोल नसतो, त्यात आपल्या खाऱ्या वाऱ्याने वरची कड आधीच खाल्लेली असते, ग्राईंडरच्या दोन मिनिटांत जे जाईल ते परत येणार नाही.

असं करा. जागा रॉकेलने किंवा डिझेलने भिजवा, फडकं भिजवून रात्रभर लावून ठेवलंत तरी चालेल, मग बांबूची कामटी घासून चपटी करा आणि तिने मळ आणि जुना रंग खरवडा. राहिलेला गंज हाताने पितळी ब्रशने, पितळ बिडापेक्षा मऊ असतं म्हणून अक्षर जात नाही. कोरडं झाल्यावर पांढरा खडू आडवा घासून वरचा हलकेच पुसा, खोलगट भागात खडू राहतो आणि आकडे उठतात. तेही झालं नाही तर संध्याकाळी अंधार पडल्यावर टॉर्च अगदी बाजूने, जागेला जवळजवळ टेकवून धरा आणि हळूहळू दिशा बदला, समोरून मारलेल्या उजेडात जो ८ वाटतो तो बाजूच्या उजेडात ३ निघतो, असं बऱ्याचदा होतं, आणि ३, ८ आणि ६ यांच्याच भानगडी जास्त. मग मोबाईलवर दोन-तीन दिशांनी फोटो काढा, आणि आरटीओला देतो तसा पेन्सिल प्रिंटही घ्या, म्हणजे पेन्सिलचं शिसं चांगलं घासायचं, वर सेलोटेप दाबून बसवायची आणि उचलून पांढऱ्या कागदावर चिकटवायची. फोटोत सावली फसवते, प्रिंट सहसा फसवत नाही.

आणि काम झालं की त्या जागेवर लगेच ग्रीसचा पातळ हात फिरवा. समुद्राकाठी उघडं बीड एका रात्रीत तांबडं होतं.

प्रश्न: मार्क टू ॲम्बॅसडर घ्यायची आहे. मालक सांगतात आत इंग्लंडची एमजी कंपनीची मशीन आहे म्हणून पैसे जास्त. इंजिनावरच्या पट्टीवर १५जीबी, यू, एच आणि पुढे नंबर असं आहे. खरं का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर: पट्टी खरी बोलते, पण ती या इंजिनाबद्दल बोलते का ते बघावं लागेल.

बीएमसी म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनचे कोड वाचायला सोपे असतात. १५ म्हणजे १५०० च्या वर्गातलं, प्रत्यक्षात १४८९ सीसी. जी म्हणजे एमजी, मॉरिस असेल तर एम, ऑस्टिन असेल तर ए. पुढचं बी हे त्या इंजिनाच्या आवृत्तीचं अक्षर. यू म्हणजे गिअरचा दांडा मधे जमिनीवर असलेला गिअरबॉक्स. एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, लो असेल तर एल. म्हणजे ही पट्टी एमजीए गाडीच्या इंजिनाची, १९५० च्या दशकातली. त्या एका मधल्या अक्षरालाही कमी समजू नका बरं, एमजीबी गाडीत १८जी आणि १८जीए इंजिनांचा क्रँक तीन बेअरिंगवर फिरतो आणि १९६४ मध्ये आलेल्या १८जीबी चा पाच बेअरिंगवर, बाहेरून सगळं सारखं वाटतं आणि क्रँक मागवताना माणूस फसतो. ४८जी ने सुरू होणारा नंबर दिसला तर ते कंपनीने स्वतः रिकंडिशन करून दिलेलं बदली इंजिन, गोल्ड सील म्हणायचे त्याला.

आता अडचण अशी की ॲम्बॅसडरचं इंजिन आणि एमजीएचं इंजिन सख्खे भाऊ आहेत. ॲम्बॅसडर मूळची मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, सुरुवातीला तिच्यात १४७६ सीसीचं साईड व्हॉल्व्ह इंजिन होतं आणि १९५९ पासून बीएमसीचं बी सिरीज १४८९ सीसी आलं. बोअर ७३.०२५ मिलिमीटर, स्ट्रोक ८८.९, एमजीएचंही तेच. ब्लॉक लांबून बघून किंवा मोजून फरक कळणार नाही. म्हणून पट्टीचे रिव्हेट बघा, अगदी जवळ जाऊन, भिंग असेल तर भिंगातून. डोकं भरीव आणि गोल असेल, कडेला जुना रंग आणि मळ पट्टीवरून ब्लॉकवर सलग गेलेला असेल तर पट्टी बऱ्याच वर्षांपासून तिथेच आहे. डोक्याच्या मधोमध बारीक भोक असेल तर तो पॉप रिव्हेट, हल्ली फॅब्रिकेशनवाले पत्र्याला मारतात तोच, आणि मग ती पट्टी नंतर लावलेली. एमजीएला दोन एसयू कार्बोरेटर असायचे, ॲम्बॅसडरला एकच, तेव्हा मॅनिफोल्डही (कार्बोरेटर ज्यावर बसतो तो नळ्यांचा भाग) बघा, पण तोही बदलता येतो हे धरून चाला.

माझं मत विचाराल तर पॉप रिव्हेट निघाला तर ॲम्बॅसडरच्या इंजिनाचाच भाव द्या, आणि ते काही कमी प्रतीचं इंजिन नाही, अणुस्कुरा आणि आंबा घाट त्या इंजिनांनी भरल्या गाडीनिशी चढलेत. इंग्लंडचं म्हणून वीस-पंचवीस हजार वर द्यायची गरज नाही. १८१७ सीसीचं इसुझू इंजिन आलं ते फार पुढे, १९९० च्या दशकात, मार्क टू मध्ये ते दिसलं तर बदललेलं आहे हे उघडच.

प्रश्न: २२ जुलै २०२१ च्या पुरात आमची फियाट पाण्याखाली होती. नंतर दुरुस्तीत इंजिन घासून रंगवलं आणि त्यात नंबर जवळजवळ पुसला गेला. आता गाडी मुलाच्या नावावर करायची आहे. पुसलेला नंबर परत आणता येतो का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: काही वेळा येतो, पण घरी नाही. पंच ठोकताना अक्षराच्या खालचं लोखंडही दाबलं जातं, वरचा थर घासला तरी खालचा दाबलेला भाग वेगळा राहतो, आणि आम्लाच्या द्रावणाने जागा हळूहळू खाऊ दिली की तो भाग आजूबाजूपेक्षा वेगळा दिसायला लागतो. फॉरेन्सिक प्रयोगशाळा चोरीच्या गाड्यांचे नंबर याच पद्धतीने काढतात. पण एकदा चुकलं तर दुसरी संधी नसते, तेव्हा आम्ल आणून घरी प्रयोग करू नका, कृपा करा.

तुमच्यासाठी रस्ता सरळ आहे. जुनं आरसी बुक, इन्शुरन्सचे जुने कागद, पूर्वी कधी पेन्सिल प्रिंट दिला असेल तर त्याची झेरॉक्स, पुरात गाडी होती त्याचा पंचनामा, हे सगळं गोळा करून आधी आरटीओकडे जा आणि घडलं ते जसंच्या तसं लेखी द्या. नंबर परत पंच करायचा झाला तर तो त्यांच्या परवानगीने आणि त्यांच्या अधिकाऱ्यासमोरच. आधी ठोकून मग सांगायला जाऊ नका.

इंजिन फियाटचंच आहे का याची शंका येत असेल तर तेही बघून ठेवा. फियाट ११००, जी इटलीत १९५३ मध्ये आली आणि पुढे कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात प्रीमियर पद्मिनी झाली, तिचा कारखान्यातला टाईप १०३. फियाटच्या पद्धतीत इंजिनावर टाईप आणि अनुक्रमांक वेगवेगळे असतात, तेव्हा १०३ दिसलं म्हणजे तो गाडीचा नंबर आहे असं समजू नका, तो फक्त जात सांगतो. इंजिन १०८९ सीसी, बोअर ६८ आणि स्ट्रोक ७५. काही लोकांनी पद्मिनीत प्रीमियरच्याच ११८ एनई गाडीचं इंजिन टाकलंय, ते निसानचं ए१२, ११७१ सीसी, आणि डिझेल पद्मिनीत इटलीच्या एफएनएमचं १३६६ सीसी होतं.

प्रश्न: जीप पेट्रोलची म्हणून आरसीत नोंद आहे, आत डिझेल इंजिन. एक फिटर म्हणतो प्युजो, दुसरा म्हणतो ट्रॅक्टरचं, तिसरा म्हणतो बोटीवरून उतरवलेलं. कुणाचं खरं धरू? (एक वाचक, हर्णै)

उत्तर: हर्णै बंदरात राहता म्हणजे तिसऱ्याचंही खरं असू शकतं! पण अंदाजावर जाऊ नका, डिझेल इंजिनांच्या नावातच त्यांचं माप असतं, ते एकदा कळलं की तुम्हीच ओळखाल.

प्युजोचं एक्सडीपी ४.९० हे महिंद्रांनी जीपसाठी घेतलेलं डिझेल. ४ म्हणजे चार सिलिंडर, ९० म्हणजे ९० मिलिमीटर बोअर, स्ट्रोक ८३, होतात २११२ सीसी. त्याचाच भाऊ ४.८८, त्याचा बोअर ८८. पर्किन्सची पद्धत दिसायला तशीच पण अर्थ वेगळा, ४.९९ म्हणजे चार सिलिंडर आणि एकूण ९९ क्युबिक इंच, ४.२०३ म्हणजे चार सिलिंडर आणि २०३ क्युबिक इंच. प्युजोत दुसरा आकडा बोअरचा, पर्किन्समध्ये तोच एकूण आकारमानाचा, ही गल्लत अनुभवी माणसंही करतात. बीडी १४४ असं कुठे दिसलं तर ते इंटरनॅशनल बी २७५ ट्रॅक्टरचं इंजिन, १४४ क्युबिक इंच, म्हणजे साधारण २३६० सीसी, हे ट्रॅक्टर आपल्याकडे १९६० च्या दशकापासून महिंद्रांच्याच भागीदारीत बनले त्यामुळे दुसऱ्या फिटरचं म्हणणं अगदीच वाऱ्यावरचं नाही. ओएम ने सुरू होणारा नंबर असेल तर मर्सिडीजचं डिझेल, पुढचे तीन आकडे टाईपचे, ओएम ६१६ हे ट्रॅक्सवाल्यांच्या ओळखीचं.

क्युबिक इंचाला १६.४ ने गुणलं की सीसी येतात. उलट, हेड उतरवलेलं असेल तर बोअर गुणिले बोअर गुणिले ०.७८५४ गुणिले स्ट्रोक गुणिले सिलिंडरची संख्या, सगळी मापं सेंटिमीटरमध्ये, उत्तर सीसीमध्ये. नावातलं माप आणि हे उत्तर पटलं पाहिजे. थोडं जास्त आलं तर बोअरिंग करून ओव्हरसाईज पिस्टन टाकलेत, पण शंभर-दोनशे सीसीचा फरक आला तर ब्लॉकच दुसरा आहे.

बोटीवरचं इंजिन असेल तर त्याच्या खुणा वेगळ्या असतात. बोटीत रेडिएटर नसतो, समुद्राचं पाणी खेचणारा वेगळा पंप असतो, एक्झॉस्ट मॅनिफोल्डही बऱ्याचदा पाण्याने थंड केलेला असतो, हे सगळं काढून इंजिन गाडीत टाकलं की ती भोकं पत्र्याची चकती किंवा प्लेट मारून बंद केलेली दिसतात. तशी दिसली तर ब्लॉकच्या अंगावरचे गोल पत्र्याचे प्लग काढून आत पाण्याच्या वाटेत बघा. समुद्राचं पाणी थेट ब्लॉकमधून फिरलं असेल तर आत पापुद्रे सुटलेले असतील आणि एखाद्या ठिकाणी भिंत पातळ झालेली असेल. अशा इंजिनावर खर्च करण्याआधी ब्लॉकची प्रेशर टेस्ट करून घ्याच, लेथवाल्याने कितीही भरवसा दिला तरी.

आणि भाऊ, आरसीत पेट्रोल आणि आत डिझेल हे तसंच चालवू नका. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांबद्दल आहे, इंजिन किंवा इंधन बदललं की त्याची रीतसर परवानगी आणि आरसीवर नोंद लागते. उद्या काही अपघात झाला तर इन्शुरन्सवाले पहिलं बोट तिथेच ठेवतील.

प्रश्न: १९४८ ची शेव्हरोले बघून आलो. मालक सांगतात मॅचिंग नंबर, सगळं ओरिजनल. ब्लॉकवर उठावात जे १७ ० असं वाचता आलं. ठोकलेला नंबर आरसीशी जुळत नाही म्हटल्यावर तिथले एक मिस्त्री म्हणाले, काळजी नको, जुळणारा नंबर मारून देतो. काय करू? (एक वाचक, अलिबाग)

उत्तर: उठावाचे जे तीन तुकडे तुम्ही वाचलेत ती ओतकामाची तारीख आहे. पहिलं अक्षर महिना, ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत. जे म्हणजे ऑक्टोबर, १७ तारीख, आणि ० म्हणजे वर्षाचा शेवटचा आकडा. दशक तारखेत नसतं, ते कास्टिंग नंबरावरून, म्हणजे नमुन्याच्या उठावाच्या नंबरावरून ठरवायचं, म्हणजे हा ब्लॉक १९४० चा किंवा १९५० चा. १९५० चा असेल तर १९४८ च्या गाडीत तो कारखान्यातून येणं शक्यच नाही. १९४० चा असेल तर गाडीच्या आठ वर्षं आधीचा, तोही तिचा नाही. जनरल मोटर्स १९२८ पासून मुंबईत शिवडीला गाड्या जोडायची, सुटे भाग अमेरिकेहून बोटीने यायचे, त्यामुळे ब्लॉक ओतल्यानंतर काही महिन्यांनी गाडी तयार होणं अगदी नॉर्मल, पण आठ वर्षं नाही. ठोकलेला नंबर या सहा सिलिंडरच्या इंजिनांवर उजव्या अंगाला डिस्ट्रिब्यूटरच्या मागे एका छोट्या सपाट जागेवर असतो, तुम्ही तोच वाचलात ना तेवढी खात्री करा, कारण लोक कास्टिंग नंबरच आरसीशी ताडून बघतात आणि घाबरतात.

आता त्या मिस्त्रींचं. नको म्हणजे नकोच. आरसीशी जुळवण्यासाठी इंजिनावर दुसरा नंबर ठोकणं हा गुन्हा आहे, गाडी तुमच्या नावावर आल्यावर पोलिसांना उत्तर तुम्हाला द्यावं लागेल, मिस्त्रींना नाही. आणि कायदा क्षणभर बाजूला ठेवला तरी मला हे मनापासून खटकतं. कुणीतरी कुठल्यातरी कारणाने त्या गाडीत दुसरं इंजिन टाकलं, कदाचित पार्ट मिळत नव्हते तेव्हा तेच एक हाताशी होतं, आणि त्यावर ती गाडी चालली, माणसं दवाखान्यात, लग्नाला, बंदरावर नेली. तो नंबर घासला की एवढं सगळं गेलं, आणि त्या दुसऱ्या गाडीचाही माग गेला जिच्यातून हे इंजिन आलं. उद्या त्या गाडीचा मालक आपलं इंजिन शोधत असेल तर त्याला ते कधीच सापडणार नाही.

नंबर आधीच कुणी बदललाय का ते कसं ओळखायचं, हेही बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून इथेच सांगतो. नंबराची जागा कारखान्यात मशीनने सपाट केलेली असते, तिच्यावर मशीनच्या बारीक समांतर रेघा असतात आणि अक्षरं त्या रेघांवर ठोकलेली दिसतात. रेघाच नसतील, किंवा ग्राईंडरच्या गोल ओरखड्यांवर अक्षरं असतील, किंवा ती जागा आजूबाजूपेक्षा किंचित खड्ड्यात असेल तर शंका घ्या. अक्षरं वाकडीतिकडी आहेत, ओळ सरळ नाही, एवढ्यावरून मात्र खोटं ठरवू नका, कारण त्या काळी बऱ्याच कारखान्यांत कामगार हातानेच एकेक पंच धरून ठोकायचे आणि ओळ जरा वर-खाली व्हायचीच. उलट जुन्या इंजिनावर एकदम रेखीव, सारख्या खोलीचा नंबर दिसला तर मी जास्त वेळ थांबून बघतो.

गाडी आवडली असेल तर जरूर घ्या, पण इंजिन दुसरं आहे हे लक्षात घेऊन भाव करा आणि आहे त्या इंजिनाची नोंद रीतसर करून घ्या.

प्रश्न: मी कॉलेजला आहे. आजीकडची गाडी व्हिंटेज म्हणून रजिस्टर करायची आहे, इंजिन बदललेलं असेल तर चालतं का? (एक वाचक, सावंतवाडी)

उत्तर: बाळा, २०२१ मध्ये केंद्राने नियम केले त्यात पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी व्हिंटेज म्हणून नोंदवता येते, तिला व्हीए असलेला वेगळा नंबर मिळतो, नवीन नोंदणीला २०,००० रुपये आणि ती १० वर्षांसाठी. अट अशी की गाडी मूळ स्वरूपात राखलेली हवी, चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरबदल केलेले नकोत. म्हणून अर्ज करण्याआधी इंजिनाचा ठोकलेला नंबर, कास्टिंग नंबर आणि आरसी या तिन्हींचे फोटो एकत्र करून ठेव. त्याच मॉडेलचं बदली इंजिन आणि भलतंच डिझेल इंजिन यांत फरक आहे, आणि तो तुझ्या फोटोंवरून दाखवता आला पाहिजे. आणि व्हिंटेज नंबर मिळाला की ती रोजच्या वापराला किंवा धंद्याला काढता येत नाही, आजीला बाजारात सोडायला दुसरी गाडी लागेल.

प्रश्न: स्टँडर्ड हेराल्डच्या इंजिनावर जीए, आकडे आणि शेवटी एचई आहे. ओव्हरहॉलला काढलंय, पार्ट कुठल्या इंजिनाचे मागवू? (एक वाचक, वेंगुर्ला)

उत्तर: एचई मधला एच म्हणजे हाय कॉम्प्रेशन, ई म्हणजे इंजिन, लो असतं तर एलई. महत्त्वाची अक्षरं सुरुवातीची. हेराल्ड मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, आणि ट्रायम्फच्या कोडात नुसतं जी म्हणजे ९४८ सीसीची हेराल्ड आणि जीए म्हणजे हेराल्ड १२००, तिचं इंजिन ११४७ सीसी. मद्रासमध्ये बनलेली स्टँडर्ड हेराल्ड ९४८ सीसीची, तेव्हा तुमचं इंजिन बाहेरच्या हेराल्डमधून आलेलं दिसतंय. इंजिन उघडलंच आहे तर बोअर मोजा, स्ट्रोक दोघांचा ७६ आहे पण ९४८ चा बोअर ६३ मिलिमीटर आणि ११४७ चा ६९.३, एवढा फरक कितीही बोअरिंग केलं तरी पडत नाही. ६९ च्या पुढे आलं तर पिस्टन, रिंगा आणि हेड गॅस्केट ११४७ ची मागवा, दुकानदार गाडीचं नाव विचारून ९४८ ची काढून देईल ती घेऊ नका.